दुपारच्या खेळांची तीन दशकं

नंदू सबनीसला आयुष्यात फारसं कुणी मत विचारलं नव्हतं. ऑफिसात तो खरेदी खात्यात होता आणि तिथे मत अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, असतं. घरी नयना होती. त्यामुळे त्या शुक्रवारी कारखानीसांच्या घरी वालाच्या बिरड्यावर ताव मारून सगळे सोफ्यावर कलंडले होते, टीव्हीवर एक बाई रडत रडत फ्रीज जिंकत होती, आणि एकनाथराव कारखानीस सहज म्हणाले, "काय रे नंदू, तुला कसं वाटतं हे?" तेव्हा त्याने "बरं आहे" म्हणून बडीशेप तोंडात टाकायला हवी होती. ते न करता तो ताठ बसला.

"एकनाथराव," तो म्हणाला, "दुपारच्या टीव्हीची अधोगती झाली आहे."

मग त्याला थांबवणं कठीण झालं. नव्वदच्या दशकात दुपारी बक्षीस मिळायचं ते बरोबर उत्तराला, तो म्हणाला. 'बोला पटकन' आठवा. पाच उत्तरं दिली की स्टीलचा डबा, दहा दिली की भिंतीवरचं घड्याळ. दोन हजार साल उलटलं आणि बक्षीस मिळायला लागलं धावण्याला. 'धावा वहिनी धावा'मध्ये बायका तोंडात चमचा धरून मंडईतून पळायच्या. आणि आता हे, 'डोळ्यांतलं पाणी, घरातलं सोनं'. जिचं दुःख मोठं तिला फ्रीज. उत्तर, धाव आणि रडं, अशी ही उतरंड आहे.

खोलीत शांतता पसरली. ती जेवणानंतरची सुस्ती होती, पण नंदूने तिला सहमती मानलं.

एकनाथराव हे मस्कतमधल्या मराठी मंडळींच्या मंडळाचे अध्यक्ष. वार्षिक स्नेहसंमेलन महिन्यावर आलं होतं आणि पुण्याहून येणाऱ्या गायकाचा व्हिसा अडकला होता. कार्यक्रमात भलंमोठं भोक पडलं होतं, आणि एकनाथरावांना समोर त्या भोकाच्या मापाचा माणूस दिसला.

"सादर कर," ते म्हणाले. "तीन दशकांची तुलना. पडद्यावर चित्रं दाखव. विषय नवीन आहे."

नयनाने नंदूकडे पाहिलं. अठरा वर्षांच्या संसारात त्या नजरेचा अर्थ त्याला पाठ होता: नाही म्हण. तो "हो" म्हणाला.

पुढच्या मंगळवारी मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावलं. हे २०१६ साल. तेलाचा भाव पडला की मस्कतच्या ऑफिसांत आधी चहातलं दूध पावडरचं होतं, मग एसी लवकर बंद होतो, आणि मग माणसं कमी होतात. नंदूचं ऑफिस दुसरा टप्पा पार करून तिसऱ्याच्या उंबरठ्यावर होतं.

"नंदू, तू लकी आहेस," मॅनेजर म्हणाला. "तुला घरी पाठवत नाही. दुक्मला पाठवतोय. बंदराचं काम. पुढच्या महिन्यापासून. बॅचलर अकोमोडेशन."

"सर, माझं लग्न झालंय."

"तिथे सगळ्यांचीच झालीयत. खलास, यल्ला," म्हणत त्याने दाराकडे बोट दाखवलं.

दुक्म म्हणजे वाळवंटातून दिवसभर गाडी हाकली की समुद्राच्या कडेला लागणारं क्रेनांचं गाव. शाळा नाही, शेजार नाही. ऋचा अकरावीत, तिची शाळा अल् घुब्राला, फ्लॅटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे त्या दोघी इथे आणि हा तिथे एका खोलीत तीन माणसांबरोबर. घरी परतताना त्याने वाक्य जुळवलं: नयना, एक बोलायचं होतं. दार उघडताच नयना म्हणाली, "तुझ्या त्या खेळांबद्दल मंडळातून चार फोन आले. काय करून ठेवलंयस?" तेव्हा त्याने ठरवलं की कार्यक्रम होऊन जाऊ दे. एका वेळी एक संकट.

रात्री तो कूस बदलत राही.

"काय होतंय?" नयना विचारी.

"नव्वदचं दशक," तो म्हणे. "नीट आठवत नाहीये."

ते मात्र खरं होतं. त्या काळी पदवी घेऊन नोकरी नसलेला नंदू दुपारी आईबरोबर टीव्हीपुढे बसे, एवढीच त्याची या विषयातली साधना. दुपारचा टीव्ही हा ज्यांना जगात त्या वेळी कुणी बोलावत नाही त्यांच्यासाठीच असतो. पण मंगळवारी काय लागायचं आणि गुरुवारी काय, हे पडद्यावर लिहायचं तर खात्री हवी. त्याने 'सबनीस परिवार' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. पुण्याची ताई म्हणाली, 'बोला पटकन' मंगळवारी. नागपूरचा चुलतभाऊ म्हणाला, गुरुवारी, कारण त्या दिवशी त्यांच्याकडे उपास असे आणि डब्याकडे पाहून त्याला भूक लागे. ताई म्हणाली, तुझा उपास होता हीच बातमी आहे. चुलतभावाने ताईचे मोडलेले जुने उपास काढले. ताईने त्याच्या मुंजीत हरवलेला पाटा-वरवंटा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ ग्रुप सोडून गेला, त्यामागे त्याची आई गेली, आणि रोज येणारी सुप्रभाताची फुलं बंद झाली.

"जे आजोबांच्या जमिनीवरून झालं नाही," ताई फोनवर म्हणाली, "ते तू करून दाखवलंस."

नंदूने पडद्यावर 'आठवड्यातून एकदा' असं लिहिलं.

संगणकावर उतरवण्याचं काम ऋचाकडे होतं. ती शाळेत इंग्रजीतच बोले, आणि मराठी तिला परक्या घरच्या खुर्चीसारखी वाटे, बसावं पण टेकू नये. "बाबा, लाइनअपला मराठीत काय म्हणतात?" तिने विचारलं. नंदू तेव्हा फोनवर ताईची समजूत घालत होता. ऋचाने संगणकाला विचारलं. संगणकाचा संबंध बहुधा पोलिसांशी आला असावा, कारण पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात उमटलं: 'दुपारच्या खेळांची ओळखपरेड'.

तळमजल्यावर जैनुद्दीन राहात. मूळचे दाभोळचे, सीबच्या जुन्या बाजारात, सूकमध्ये, त्यांचं भांड्यांचं आणि अंथरुणा-पांघरुणाचं दुकान. बिल्डिंगमधल्या कुणाच्याही कामात सल्ला देणं ते शेजारधर्म समजत. जिन्यात गाठून ते म्हणाले, "नंदूभाऊ, तुमी नुसता बोलाल तर लोक उठून जेवायला जातील. खेळवा त्यांना. प्रत्येक टायमातला एकेक खेळ. इनाम मी देतो. राइस कुकर."

"तुम्ही बघायचात का हो हे कार्यक्रम?"

"बघायचो म्हणजे काय, दुपारी आमच्याकडं लाईट जायची. सवाल ऐकू यायचा, जवाब नाय."

त्यांच्या पत्नी रहिमाभाभी दारातच उभ्या होत्या. "एका बाईला शेवटचा सवाल विचारला नि लाईट गेली," त्या म्हणाल्या. "तिला घड्याळ मिळाला काय नाय, मला आजपण माहीत नाय." त्यांनी नंदूकडे अशा आशेने पाहिलं की त्याला त्या बाईचा पत्ता काढावासा वाटला.

अशा रीतीने भाषणाचा खेळ झाला. आणि खेळ म्हटल्यावर हॉलवाल्यांची परवानगी घेणं आलं.

हॉलच्या ऑफिसला कार्यक्रमाचा तपशील अरबीत हवा होता. टायपिंगच्या दुकानातल्या माणसाने नंदूचं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि जे टाइप केलं त्याचा अर्थ 'बक्षीस लावून खेळायचे नशिबाचे खेळ' असा होत होता, हे नंदूला अर्ज परत आल्यावर कळलं. तो धावत ऑफिसात गेला. पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशातला एक तरुण अधिकारी बसला होता. त्याने अदबीने कहव्याचा छोटा कप पुढे केला, खजुराची बशी सरकवली आणि चांगल्या हिंदीत विचारलं, "ये किस्मत का खेल है?"

"नहीं साहब. अक्कल का."

"पैसा लगता है?"

"पैसा नहीं. राइस कुकर है."

"हारनेवाला क्या देता है?"

नंदूने विचार केला. "कुछ नहीं," तो म्हणाला. "इज्जत."

अधिकाऱ्याने हे लिहून घ्यावं की नाही यावर जरा वेळ घेतला. मग म्हणाला की प्रत्येक खेळ काय आहे तो नीट समजला पाहिजे. प्रश्नोत्तरांचा खेळ समजला. चमच्याचा समजेना. नंदूने हातवारे केले, कागदावर चित्र काढलं, आणि शेवटी बशीतला खजूर चमच्यात ठेवून, चमचा दातांत धरून, तो त्या ऑफिसच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेला. रांगेत बसलेल्या लोकांनी पाय आत घेऊन त्याला वाट दिली. एकाने मोबाईल वर धरला. परत येताना खजूर पडला. अधिकारी स्वतः वाकून तो उचलत म्हणाला, "कोई बात नहीं. ये ठीक है. तीसरा?"

तिसऱ्या दशकाचं नंदूने जमेल तसं सांगितलं. माणूस खुर्चीत बसतो, आपलं दुःख सांगतो, रडतो.

"इनाम के लिए?"

"हां."

अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने कहवा पुन्हा भरला. "इंडिया में इतनी तकलीफ है?" त्याने हळू आवाजात विचारलं. दुक्म, नयना, ताई आणि जमिनीवरचा खजूर हे सगळं एकदम नंदूला आठवलं आणि त्याने खाली पाहिलं. अधिकाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तिसऱ्या खेळावर काट मारली आणि शिक्का उठवला. मंजुरी मिळाली ती दोनच दशकांना.

स्नेहसंमेलनाच्या शुक्रवारी नंदूचं नाव सकाळी अकराला होतं. लहान मुलांची नृत्यं संपेचनात. प्रत्येक आईला आपलं मूल पुढच्या ओळीत हवं असल्याने एकेक नाच दोनदा झाला. नंदू उभा राहिला तेव्हा पावणेएक झाला होता आणि मागच्या दाराने मसालेभाताचा वास आत येऊ लागला होता.

पडद्यावर 'ओळखपरेड' उमटली आणि मागून कुणीतरी विचारलं, "चोर कोण?" नंदूने घसा साफ केला. पहिल्या दशकाचं वेळापत्रक त्याने दाखवलं मात्र, दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले. त्यांचं म्हणणं, एक वाजता खेळ नव्हे, शेतीविषयक कार्यक्रम लागे. एक बाई म्हणाल्या, ते संध्याकाळी. केबलवाले आणि अँटेनावाले असे दोन तट पडले. ज्यांच्याकडे केबल लवकर आली होती त्यांनी ती गोष्ट पंचवीस वर्षांनी पुन्हा ऐकवून घेतली. मुलांच्या रांगेतून एक मुलगा इंग्रजीत ऋचाला विचारत होता की त्या काळी लोकांना फोन नव्हते का, आणि ऋचा खुर्चीत इतकी खाली सरकली होती की तिचा फक्त भांग दिसत होता.

"मित्रहो," नंदू म्हणाला, "त्या काळी बक्षीस लहान होतं पण नियम मोठे होते. एका स्पर्धकाला नवऱ्याने प्रेक्षकांतून उत्तर सुचवलं. तिने ते ऐकलं. आणि मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. तिचा डबा गेला, पण..."

टण्ण. एकनाथरावांनी घंटी दाबली. ती स्पर्धकांसाठी आणलेली घंटी होती. "छान, नंदू, छान. जेवण गार होतंय. आपण थेट खेळांकडे वळू."

सत्त्याण्णव सालापर्यंतसुद्धा तो पोचला नव्हता.

प्रश्नोत्तरांचा खेळ बरा झाला. चमचा-लिंबूच्या शर्यतीत माने वहिनींचा घोटा मुरगळला आणि त्यांना खुर्चीत घालून बर्फ लावावा लागला. खरी अडचण नंतर कळली: प्रश्नोत्तरांतच धरलेल्या शेवटच्या 'जोडीदार ओळखा' या खेळात माने पती-पत्नी भाग घेणार होते. त्यांच्याविरुद्ध जैनुद्दीन आणि रहिमाभाभी. आता एकच जोडी उरली.

"नंदू आणि नयना खेळतील," एकनाथरावांनी जाहीर केलं.

"एकनाथराव, प्रश्न मी काढलेत," नंदू कुजबुजला. "प्रश्न काढणाऱ्याला खेळता येत नाही."

"अरे, कुकरच आहे, राज्य नाही. बस."

खेळ साधा होता. नवऱ्याच्या कानांवर आवाजबंद पट्टा चढवायचा, बायकोला त्याच्याविषयी प्रश्न विचारायचा, मग पट्टा काढून त्याला तोच प्रश्न विचारायचा. उत्तरं जुळली की गुण. पट्टे नंदूनेच ऑफिसच्या स्टोअरमधून सही करून आणले होते, खडक फोडणारे कामगार वापरतात ते. त्याच्या वाट्याला आलेल्या पट्ट्याची डावी गादी फाटलेली होती. खरेदी खात्याने स्वस्तातले घेतले होते, आणि ते कुणी घेतले हे नंदूला चांगलं ठाऊक होतं.

जैनुद्दीन आणि रहिमाभाभी एकही चूक न करता सुटले. आवडती भाजी, नावडता पाहुणा, सगळं जुळलं. नावडत्या पाहुण्याचं नाव दोघांनी एकाच सुरात घेतलं आणि तो पाहुणा तिसऱ्या रांगेत बसलेला होता, हा निराळा प्रकार. नंदू-नयनाचेही पहिले प्रश्न जुळले. बरोबरी साधायला शेवटचा एक राहिला.

नंदूने पट्टा चढवला. एकनाथरावांनी चिठ्ठी उलगडली. "नयना, तुमच्या नवऱ्याला सध्या सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

नंदूला प्रश्न ऐकू आला. तो समोरच्या भिंतीकडे ऐकू न आलेल्या माणसाच्या चेहऱ्याने पाहू लागला. तो चेहरा कसा करायचा हे त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे त्याने भुवया उंचावल्या आणि तशाच ठेवल्या.

नयनाने माईक हातात घेतला.

"त्याची दुक्मला बदली झालीय," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात जायचंय. ते मला सांगायची भीती वाटते त्याला."

मसालेभाताकडे सरकणारी मागची रांगसुद्धा थांबली. नंदूच्या भुवया वरच होत्या. त्या खाली आणल्या असत्या तर ऐकू आलं हे कळलं असतं.

एकनाथरावांनी त्याचा पट्टा काढला. आवाज नेहमीपेक्षा मऊ झाला होता. "नंदू, तुला सध्या सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

सगळा हॉल त्याच्याकडे पाहात होता. नयना पाहात नव्हती, ती माईकची वायर सरळ करत होती. उत्तर त्याला माहीत होतं. दोन अर्थांनी माहीत होतं, आणि त्यातला एक अर्थ बेकायदेशीर होता. अर्ध्या तासापूर्वी याच माईकवरून तो नियमांबद्दल बोलला होता.

"पालीची," तो म्हणाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकनाथरावांनी घाईघाईने निकाल जाहीर केला आणि जैनुद्दीननी स्वतः दिलेला राइस कुकर स्वतःच्या दोन्ही हातांनी स्वीकारला. फोटो निघाला. "नंदूभाऊ, हे बराबर नाय झाला," ते खाली उतरताना म्हणाले, पण कुकरबद्दल की नंदूबद्दल, ते सांगितलं नाही.

जेवणाच्या रांगेत लोकांनी नंदूला पुढे जायला वाट दिली. कुणी त्याच्या ताटात जास्तीची जिलेबी वाढली. असा मान सुतकातल्या माणसालाच मिळतो. ऋचा मैत्रिणींच्या गाडीतून जाते म्हणाली, आणि जाताना अचानक मागे वळून त्याच्या दंडाला डोकं लावून गेली. मराठीत काही म्हणावं असं तिला वाटलं असावं, पण शब्द सापडला नाही.

पार्किंगमध्ये गाडी भट्टीसारखी तापली होती. नंदूने एसी लावला आणि गाडी तशीच उभी ठेवली. नयना शेजारी बसली होती, मांडीवर उरलेल्या मसालेभाताचा डबा.

"तुला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"रहिमाभाभींनी. तू जैनुद्दीनभाईंच्या दुकानात एका माणसाची गादी आणि एका माणसाचा चहाचा टोप बघून गेलास. तीन आठवडे झाले. त्यांना वाटलं आपण वेगळे होतोय. मग मी तुझ्या ऑफिसात फोन केला."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू सांगतोस का ते बघत होते."

एसीतून अजून गरम वाराच येत होता. नंदूने स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली.

"तुला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. "माझ्याशी तुझा चेहरा लपत नाही. भुवया कपाळाला चिकटवून बसला होतास."

"हो."

"मग पाल कुठून आणलीस?"

"ऐकलेलं उत्तर द्यायचं नसतं," तो म्हणाला. "नियमात बसत नाही."

नयनाने त्याच्याकडे पूर्ण वळून पाहिलं. त्याला वाटलं, आता ती बोलेल, आणि त्याने ते ऐकून घेण्याची तयारी केली. तिने ओठ मिटून घेतले, खांदे हलायला लागले, आणि ती रडतेय या समजुतीने त्याने खिशात रुमाल शोधला. ती हसत होती. मग थोड्या वेळाने ती खरोखर रडली आणि रुमाल कामी आला.

"आता कुणी ऐकत नाहीये," डोळे पुसून ती म्हणाली. "आता सांग. पहिल्यापासून."

त्याने सांगितलं. मॅनेजरचं 'लकी आहेस', दारात गिळलेलं वाक्य, खजुराचा चमचा आणि हॉलच्या ऑफिसातल्या त्या पोराने खांद्यावर ठेवलेला हात. पत्र्याच्या पोर्टा केबिनमधल्या दुमजली पलंगाचं, आणि दर महिन्याला दोनच दिवसांची सुट्टी मिळेल याचं सांगितलं. पैसे जरा बरे मिळतील हेही त्याने सांगून पाहिलं, पण ते त्यालाच खोटं वाटलं. वर्षभर तरी, नयना शेवटी म्हणाली, ऋचाची बारावी होईपर्यंत, असंच काढावं लागेल. गुरुवारी सुटलास की रस्त्यात उंट असतात, गाडी सावकाश आण.

तो हो म्हणाला. बाहेर माने वहिनींना दोघांनी धरून गाडीत बसवलं आणि त्यांची गाडी गेली. पार्किंग रिकामं झालं. एसी एकदाचा गार झाला.

"तिथे टीव्ही आहे का?" नयनाने विचारलं.

"मेसमध्ये एक आहे. पण ओमप्रकाश म्हणून कामगारांची वस्ती सांभाळणारा कॅम्पबॉस आहे, रिमोट त्याच्याकडे असतो म्हणे. दिवसभर कुस्त्या लावतो."

नयनाने सीटचा पट्टा लावला आणि डबा नीट मांडीवर धरला.

"मग तुझं काही खरं नाही," ती म्हणाली. "चल."